उजव्या बाजूचे टायर

दुकानापुढं लॉरी येऊन थांबली की मी आधी पुढचे टायर बघतो, ड्रायव्हर कोण आहे ते नंतर. सवयच लागलीय. बाहेरची कड खाल्लेली असली की अलाइनमेंट गेलंय, मधला पट्टा गेलाय म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा गेल्यात म्हणजे हवा कमी आणि लोड भरमसाट, आणि तळहात फिरवला की करवतीसारखं लागतंय म्हणजे ब्रेकवर ब्रेक मारत आलाय गडी. कर्नाटकातल्या संकेश्वरात हायवेला लागून टायरचं दुकान म्हटल्यावर पुण्याकडून येणारी, बेंगळूरकडून येणारी, गडहिंग्लज-आजरा-आंबोली करत गोव्याला उतरणारी सगळी गाडी डोळ्याखालनं जाते, आणि ऊसाचा सीझन लागला की कारखान्याचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या जोड ट्रॉल्या वेगळ्याच, त्या दिवसांत तर रात्री अकराला पण कोणतरी शटर वाजवतंय.

आज लिहायचंय मात्र अमेरिकेतल्या एका शर्यतीबद्दल. बरेच दिवस डोक्यात आहे, मित्रांना सांगायला गेलो तर दोन मिनिटांत विषय क्रिकेटवर जातो, म्हणून इथं लिहितोय.

नासकार नावाची शर्यत असते तिकडं. १९४८ पासनं चालू आहे. गाड्या बाहेरनं बघितल्या तर आपल्या रस्त्यावरच्या चार चाकीसारख्या, वर छप्पर, चाकं बॉडीच्या आत, फॉर्म्युला वनसारखी उघडी चाकं नाहीत. आणि बहुतेक वेळा गोल गोल पळतात, डावीकडंच वळत. मी पण आधी हेच म्हणायचो की गोल फिरण्यात काय आहे, त्यात बघायचं काय. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर एक क्लिप आली, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितली असेल. मार्टिन्सव्हिल नावाच्या छोट्या ट्रॅकवर रॉस चॅस्टेन म्हणून ड्रायव्हर आहे, कलिंगडं पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला, त्यानं शेवटच्या लॅपला, म्हणजे फेरीला, पाचवा गिअर टाकला, गाडी सरळ बाहेरच्या भिंतीला लावली आणि स्टिअरिंग सोडून ॲक्सिलेटर दाबून धरला. भिंतीला घासत घासत गाडी दहाव्या नंबरवरनं पाचव्यावर! तो लॅप १८.८४५ सेकंदांचा झाला, त्या ट्रॅकवर स्टॉक कारनं (ह्या असल्या गाड्यांना तिकडं स्टॉक कार म्हणतात) इतका फास्ट लॅप कधीच मारला नव्हता. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये असं करायचो असं तो नंतर म्हणाला. पुढच्या सीझनपासनं असं केलं तर पेनल्टी देणार असं नासकारवाल्यांनी जाहीर केलं, ते बरोबरच आहे, भिंतीपलीकडं माणसं असतात.

त्या एका लॅपमुळं ज्याची फायनलची जागा गेली तो डेनी हॅमलिन. हे नाव लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

क्लिपनंतर मी हळूहळू बघायला लागलो आणि मोठ्या ट्रॅकपेक्षा मला छोटेच ट्रॅक आवडायला लागले. मोठ्या ट्रॅकवर गाड्या तासाला ३०० किलोमीटरनं पळतात, पण पळत राहतात नुसत्या. छोट्या ट्रॅकवर जागाच नसते. एक मैलापेक्षा कमी असला की त्याला ते शॉर्ट ट्रॅक म्हणतात, आणि त्यातला टेनेसी राज्यातला ब्रिस्टल म्हणजे अर्ध्या मैलाच्या जरा वर, ०.५३३ मैल, म्हणजे साधारण ८५८ मीटर. आमच्या दुकानापासनं बसस्टँडला जाऊन यायला जास्त अंतर पडतं. एवढ्या जागेत पस्तीस-चाळीस गाड्या, प्रत्येकी ६७० हॉर्सपॉवरच्या (२०२४ चा आकडा), साधारण १५ सेकंदांत एक लॅप, आणि असे ५०० लॅप. हिशोब केला तर सव्वाचारशे किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे इथनं निघून मुंबई गाठल्यासारखं, पण सगळं त्या एका वाडग्यात. वाडगाच म्हणायला पाहिजे त्याला, कारण चारी बाजूंनी उंच गॅलऱ्या आणि वळणं २४ ते २८ अंशांत कललेली. आपल्या हायवेच्या वळणाला जो कल देतात ना, तो जास्तीत जास्त ४ अंश पडतो. तिथं २८! माणूस चालत वर चढायचा म्हटला तरी हात टेकेल. आणि पृष्ठभाग डांबराचा नाही, १९९२ पासनं काँक्रीट. काँक्रीट टायरला काय करतं ते आम्हाला विचारा.

१९६१ मध्ये एका दुधाच्या गाईंच्या फार्मवर हा ट्रॅक बांधला. पहिल्या शर्यतीत ४२ गाड्या सुटल्या आणि शेवटपर्यंत फक्त १९ राहिल्या, आणि जो जिंकला म्हणून नोंद आहे त्या जॅक स्मिथनं निम्म्याहून जास्त शर्यत मारून गाडी दुसऱ्याच्या हातात दिली, कारण खालचा पत्रा तापून त्याच्या पायाला फोड आले होते. मे महिन्यात जुन्या लॉरीच्या केबिनमध्ये इंजिनच्या डब्याशेजारी कधी बसला असाल तर हे कळेल तुम्हाला.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळं ब्रिस्टल मला जवळचं वाटायला लागलं. ते शहर दोन राज्यांत आहे. खरंच! त्यांच्या मेन रोडचं नावच स्टेट स्ट्रीट, आणि राज्याची सीमा त्या रस्त्याच्या मधोमध जाते, पितळेच्या खुणा बसवल्यात रस्त्यात. ह्या फुटपाथवर उभं राहिलं की टेनेसी, रस्ता ओलांडला की व्हर्जिनिया. दोन्ही बाजूंना ब्रिस्टलच, पण नगरपालिका वेगळी, पोलीस वेगळे. मी हे वाचलं तेव्हा फोन खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. आमच्याकडं सीमा हा शब्द केवढा जड आहे. १९५६ ला राज्यं झाली, १९६६ ला महाजन आयोग नेमला, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, आमच्या आजोबांपासनं घरात हाच विषय, आणि दुकानावरची पाटी कन्नडमध्ये, वहीतला हिशोब मराठीत, गिऱ्हाईक येईल त्या भाषेत बोलायचं. गडहिंग्लजला बहीण दिलीय, अर्ध्या तासात पोचतो, तेवढ्यात राज्य बदलतं. तिकडंही अशीच माणसं रोज रस्ता ओलांडून भाजी आणायला जात असतील. २०१६ ला ह्याच ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेत टेनेसी आणि व्हर्जिनिया टेक ह्या दोन टीमची फुटबॉल मॅच ठेवली होती, त्यांचा तो हातात धरून पळायचा फुटबॉल, आणि १,५६,९९० माणसं बघायला आली. दोन राज्यांची मॅच, सीमेवरच्या गावात. मला ते चित्र लई आवडलं.

असो, मूळ विषय टायर.

१७ मार्च २०२४. ब्रिस्टलची शर्यत. तिकडं रविवार दुपार म्हणजे आपल्याकडं मध्यरात्र उलटलेली, सोमवारचा एक वगैरे वाजलेला. ऊसाचा सीझन संपत आलेला, दिवसभर ट्रॉल्यांचे टायर काढून घालून खांदे भरून आले होते म्हणून मी झोपलो, सकाळी उठून निकाल बघितला आणि नंतर पूर्ण शर्यत यूट्यूबवर आली ती तीन रात्री तुकड्या तुकड्यानं बघितली. दुसऱ्यांदा मात्र दुकानात बघितली, ते पुढं सांगतो.

झालं असं. ह्या गाड्यांच्या टायरला नक्षी नसते, गोटा झाल्यासारखे दिसतात, पण ते मुद्दाम तसे असतात, सपाट, म्हणजे जास्तीत जास्त रबर रस्त्याला लागतं. सतत डावीकडं वळायचं म्हटल्यावर गाडीचा सगळा भार उजवीकडं पडतो, त्यामुळं उजव्या बाजूच्या टायरचा माल वेगळा, डावीकडचा वेगळा. शर्यत चालू झाली की घासलेलं रबर काँक्रीटवर चिकटत जातं, काळा पट्टा तयार होतो, आणि मग त्या पट्ट्यावर टायर कमी घासतात. दरवेळी असंच होतं. त्या दिवशी मात्र रबर रस्त्याला चिकटलंच नाही. खालच्या लेनला पकड यावी म्हणून एक राळेसारखं रसायन मारलेलं होतं, ते आधीपेक्षा वेगळं होतं, टायर मात्र मागच्या सप्टेंबरला वापरलेलेच. सगळं रबर चुऱ्याच्या गोळ्या होऊन वर भिंतीकडं साठत गेलं, आणि चाळीस-पन्नास लॅपमध्ये टायरची तार दिसायला लागली. एरवी त्याच टायरवर आरामात शंभरच्या वर लॅप निघतात.

मला ते दृश्य अजून दिसतंय. गाडी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबतात त्या जागेत येते, जॅक लागतो, एकच मोठा नट असतो मधोमध (२०२२ पासनं तसं केलंय, आमच्यासारखे दहा-दहा नट नाहीत), गन लावली की चाक बाहेर, आणि कॅमेरा त्या काढलेल्या टायरवर जातो. काळं रबर संपून आतला कापडाचा थर वर आलेला, कडेला धाग्यांची पट्टी, पांढरट. असे टायर मी महिन्यातनं चार तरी बघतो, ट्रॅक्टरवाले आणतात, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो कारण पुढचा खड्डा त्या टायरचा शेवटचा असतो. इथं माणूस त्या तारेवर वळणात १५० च्या वर चाललाय.

मग काय झालं, की जे जोरात पळत होते ते वीस-पंचवीस लॅप पुढं राहायचे आणि मग धुपत मागं यायचे, आणि जे पाय आवरून चालवत होते ते गपचूप वर यायचे. पुढचा नंबर सारखा बदलत होता. ५४ वेळा! १६ वेगवेगळे ड्रायव्हर कधी ना कधी पहिल्या नंबरवर होते. शॉर्ट ट्रॅकच्या शर्यतीत इतक्या वेळा नंबर कधीच बदलला नव्हता. शर्यत चालू असतानाच प्रत्येक टीमला टायरचा एक जादा सेट द्यायची वेळ आली, तरी पुरेनात. शेवटी पहिल्याच्या बरोबरीच्या लॅपवर फक्त पाच गाड्या उरल्या होत्या. पहिला डेनी हॅमलिन, दुसरा त्याच्याच टीमचा मार्टिन ट्रूएक्स.

हाच तो हॅमलिन, ज्याची जागा भिंत घासून दुसऱ्यानं घेतली होती. हा व्हर्जिनियाचा पोरगा. लहानपणापासनं तिकडच्या गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर पळालेला, तिथं टायर मोजके मिळतात, त्यातच भागवायचं असतं. मी हेच करत मोठा झालो, अशा अर्थाचं तो शर्यतीनंतर बोलला. काही ड्रायव्हरांना ही शर्यत अजिबात आवडली नाही, आम्ही इथं हळू चालवायला आलो नाही असा त्यांचा सूर, आणि त्यांचंही खोटं नाही कारण तार निघालेला टायर फुटला तर भिंतीत तेच जाणार. पण मला विचाराल तर मी बघितलेल्या सगळ्या शर्यतींत हीच भारी, कारण इंजिन सगळ्यांचं जवळपास सारखं, गाडी सारखी, टायर सारखे, फरक फक्त उजव्या पायाचा.

आता मामांचं.

मामा म्हणजे सख्खे नव्हेत, सगळी लाइन त्यांना मामाच म्हणते. साठीला आलेत, खानापूर तालुक्यातले, गेली कित्येक वर्षं भाजीपाला आणि मिरची घेऊन आंबोलीवरनं गोव्याला जातात. त्यांची लॉरी जुनी, पण त्यांचे पुढचे टायर ह्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गाड्यांपेक्षा तीन-चार महिने तरी जास्त चालतात. वहीत तारखा आहेत माझ्याकडं, अंदाजानं बोलत नाही. नवी जोडी पुढं घालायची, निम्मी झाली की मागं टाकायची, मग रिमोल्ड म्हणजे वर नवं रबर चढवायचं, ही पद्धत सगळ्यांचीच, पण मामांचा टायर मागं टाकायला काढतो तेव्हा नक्षी सगळीकडं एकसारखी उतरलेली असते, कडेपासनं कडेपर्यंत. हात फिरवला तर कुठं लागत नाही. असा टायर हातात आला की मी पोराला बोलावून दाखवतो.

एप्रिलमध्ये ते मागचा टायर बदलायला आले होते, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, माझा पोरगा टॉमी घालून टायर रिममधनं सोडवत होता आणि मी स्टुलावर फोन टेकवून हीच शर्यत परत लावली होती.

"काय बघायलास रं?"

"शर्यत मामा. अमेरिकेतली."

मामा खुर्ची ओढून बसले. पहिली दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, मला वाटलं कंटाळले. मग पिटमधला तो टायर दाखवला तशी पुढं वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "थांबीव." मी थांबवलं. स्क्रीनवर अंगठा ठेवून त्यांनी त्या पांढऱ्या धाग्यांवरनं फिरवला, जसा खऱ्या टायरवर फिरवतात तसा.

"हे उजवीकडचं हाय."

"होय की. डावीकडंच वळतात ना सारखं."

"आपलं डावीकडचं जातंय. साइडपट्टीवर उतरून चढून." मग जरा थांबून, "किती किलोमीटर पळालं हे?"

मी हिशोब करून सांगितलं, चाळीस-पन्नास लॅप म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर. मामांनी माझ्याकडं बघितलं. संकेश्वर ते आजरा पण नीट होत नाही तेवढ्यात.

त्यानंतर त्यांनी पूर्ण शर्यत बघितली. टायर घालून झाला, हवा भरून झाली, क्लीनर पोरगं केबिनमध्ये झोपून गेलं, तरी मामा उठेनात. आणि बोलायला लागले. हॅमलिनची गाडी काळजीपूर्वक बघत होते. "ह्यो बघ, वळणात शिरायच्या आधीच पाय काढतोय. बाकीचे आत गेल्यावर काढाल्यात." मी मागं घेऊन परत लावलं, खरंच तसं होतं. मी तीन रात्री बघून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग म्हणाले, घाटात पण असंच, वळण दिसलं की आधीच गाडी गिअरवर धरायची, वळणात एकदा शिरल्यावर टायरला नुसतं फिरू द्यायचं, तिथं ब्रेक मारला की टायरला वळायचं पण असतं आणि थांबायचं पण असतं, दोन्ही कामं एका वेळी लावली की रबर जातंय. चाळीस वर्षं हे कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी कधी सांगितलं नसेल. मी ते ऐकता ऐकता पंक्चरच्या रजिस्टरमागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

"आणि तो भिंतीला घासणारा?" मामांनी विचारलं. ती क्लिप मी त्यांना आधी कधीतरी दाखवली होती.

"तो पण ह्याच शर्यतीत होता."

"त्यानं एक लॅप मारला तसा. हे पाचशे हाईत," म्हणाले, आणि उठून क्लीनरला हाक मारली, "एळप्पा, होगोणु." चल उठ, निघू.

मग सप्टेंबर आला. त्याच ब्रिस्टलवर रात्रीची शर्यत, तिकडं शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडं रविवारी पहाटे पाच. २२ तारखेला मी गजर लावून उठलो, बाहेर भुरभुर पाऊस होता, चहा ठेवला आणि मोबाईलवर एकेक लॅपचा आकडा बघत बसलो. मार्चसारखंच होणार असं सगळेच म्हणत होते. पण त्या दिवशी रबर रस्त्याला चिकटलं आणि टायर घासलेच नाहीत, काइल लार्सन पुढं गेला तो गेलाच, ५०० पैकी ४६२ लॅप एकटा पुढं. दुसरं कोणी जवळ फिरकलं नाही.

साडेआठला मामांचा फोन. सावंतवाडीच्या अलीकडं कुठंतरी चहाला थांबले होते, मागनं घाट चढणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता.

"टायर टिकले काय रं?"

"टिकले मामा. काहीच झालं नाही ह्या वेळी."

"मग एकटाच पळाला असंल कोणतरी," मामा म्हणाले.